लिंबोळी डब्यात ठेवू नका!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत अंगणातल्या कडुनिंबावर लेख आला, बरं वाटलं. पण ‘लिंबोळ्या वाळवून हवाबंद डब्यात ठेवा, पुढच्या वर्षी सवडीने पेरा’ हा सल्ला कोणाच्या डोक्यातून निघाला? लिंबोळी म्हणजे हरभरा नव्हे. झाडाखाली पडल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच तिची उगवण झपाट्याने घसरते. पिवळी पिकलेली लिंबोळी उचलायची, गर चोळून धुवायचा (राहिला तर बुरशी धरते), एक-दोन दिवस सावलीत सुकवायची आणि आठवड्याच्या आत १ ते २ सेंटिमीटर खोल पेरायची. ताजं बी एक ते तीन आठवड्यांत वर येतं. वर्षभर डब्यात ठेवलेलं कशाला येईल?

तयार रोप घेणाऱ्यांसाठी पिशवीबद्दल लेखात अवाक्षर नाही. खोड बोटभर जाड आणि पिशवी वीतभर, म्हणजे सोटमूळ तळाशी गुंडाळलेलं असणारच. तसंच पुरलं तर ते जमिनीतही गोल फिरत राहतं आणि मोठं झालेलं झाड वादळात कलंडतं. पिशवी फाडून तो वेटोळा धारदार कात्रीने छाटायचा, मगच लावायचं.

लेखातला ‘रोज तांब्याभर पाणी’ हा सल्लाही तसाच. वरच्या वर ओल मिळाली तर मुळं खाली जातील कशाला? पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी १५-२० लिटर, सावकाश मुरवून, दुसऱ्या उन्हाळ्यात अंतर दुप्पट, पुढे बंद. आळं दरवर्षी खोडापासून बाहेर सरकवायचं. काळ्या चिकण जमिनीत खड्डा हौदासारखा पाणी धरतो, आणि दुष्काळ सोसणारं हे झाड तुंबलेल्या पाण्यात मरतं. तिथे उंचवटा करूनच लावावं. शिवाय लेख म्हणतो, भिंतीपासून २ मीटरवर लावा. २ मीटर काय? ५-६ मीटर तरी सोडा, आणि दुपारचं ऊन अडवायचं असेल तर घराच्या पश्चिमेला लावा. लेखात दिशेचा उल्लेखच नाही.

आणि हो, लेखासोबतचं छायाचित्र बकाण निंबाचं, म्हणजे कडुनिंबासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच झाडाचं आहे. कडुनिंबाची फुलं पांढरी असतात. चित्रात जांभळट तुरे ढळढळीत दिसताहेत. पानही दोन-तीनदा विभागलेलं आहे, कडुनिंबाचं एकदाच असतं. छापण्याआधी कुणी पाहत नाही का?

दुरुस्ती छापणार असाल तर या आठवड्यातच छापावी. लिंबोळ्या पडू लागल्या आहेत.

आपला,
एक नियमित वाचक