चाळीला नऊ टेकू, सरकारला २३०

परळ, मुंबई
११ डिसेंबर २०२४

मा. मंत्रीमहोदय (माजी की भावी, ते आपणच ठरवा),
स. न. वि. वि.

मायना लिहितानाच पेन अडलं. ५ तारखेला आझाद मैदानावर तिघांचा शपथविधी झाला. तेव्हापासून राज्याचं मंत्रिमंडळ म्हणजे एक मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री. आपण परवापरवापर्यंत मंत्री होता, पुढच्या आठवड्यात पुन्हा व्हाल असं आपली पोरं नाक्यावर छातीठोक सांगतात. आज आपण कोण, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा मानपानात काही कमी-जास्त झालं तर राग नसावा.

मी आपल्याला आठवत नसेन. नवरात्रात आपण आमच्या चौकातल्या देवीला आला होतात. आरती झाल्यावर मी फाईल पुढे केली. आमची चाळ सेसची (म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत), चार मजली, ६४ बिऱ्हाडं, नऊ टेकूंवर उभी. तातडीच्या दुरुस्तीच्या आदेशावर एक सही आणि मागच्या बाजूच्या १६ घरांना जवळपास ट्रान्झिटच्या, म्हणजे दुरुस्तीपुरत्या तात्पुरत्या, खोल्या, एवढंच मागणं. खातं आपलं नव्हतं, पण आपल्या शब्दाला वजन आहे असं सगळे म्हणत होते. आपण फाईल उघडली नाहीत, माइक मात्र घेतलात. ‘ताई, दिवाळीच्या आत सही आणून देतो. भावाचा शब्द.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

१५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली. दिवाळी गेली. भाऊबीजही गेली. आपल्या कार्यालयातून निरोप आला, निकाल लागू द्या. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. तुमच्या महायुतीत भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७ आणि अजितदादांची राष्ट्रवादी ४१. मित्रपक्षातले सुटे धरले नाहीत तरी २३०. बहुमताला १४५ पुरतात. मला वाटलं, आता कुणाची मनधरणी करायला नको, सोमवारी कामाला लागतील. सोमवारी फोन केला तर आपण दिल्लीत. मंगळवारी दिल्लीत. बुधवारी फोन उचललाच नाही.

मग २९ नोव्हेंबरचा शुक्रवार उजाडला. आमच्याकडे संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. सासूबाई ७८ वर्षांच्या. पहाटे साडेपाचला लाल बादली घेऊन निघाल्या आणि गॅलरीच्या वळणावर वरचा गिलावा सुटला. सूपभर मोठा तुकडा, आत गंजलेली सळई. डोक्यावर आला असता तर हे पत्र वेगळं लिहावं लागलं असतं. हातावर आला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. बादलीचे उभे दोन तुकडे झाले, ते त्यांनी अजून टाकू दिलेले नाहीत. येईल त्याला हात दाखवायच्या आधी बादली दाखवतात.

त्या दिवशी टीव्हीवर एकच बातमी. काळजीवाहू मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याकडच्या दरे गावी गेले, त्यामुळे महायुतीची बैठक रद्द. पुढे कळलं, त्यांना ताप आहे. ताप कुणालाही येतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण अख्खं सरकार एका थर्मामीटरकडे डोळे लावून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. प्लास्टरच्या रांगेतून मी आपल्या माणसाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, ‘ताई, वरचं ठरत नाही तोवर खालचं कसं ठरणार?’

आमच्याकडे वरचं रोज खाली पडतं हो साहेब.

इथपर्यंत आपण-आपण केलं. आता तुम्ही म्हणते, कारण ‘आपण’ म्हणत एवढं सगळं लिहायला हात वळत नाही.

निकालापासून शपथेपर्यंत १२ दिवस गेले. वर्षा, सागर, देवगिरी, त्या तिघांचे तिन्ही बंगले मलबार हिलवर. आमच्याकडे एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर भांडण मिटवायला अर्धा तास लागतो. तुम्हाला दिल्लीहून निरीक्षक बोलवावे लागले. आणि मुख्यमंत्री ठरल्यावर आता बाकीच्यांचं सुरू झालंय. घटनेप्रमाणे ४३ च्या वर मंत्री करता येत नाहीत, म्हणजे ४० खुर्च्या उरल्या. पेपरात रोज तक्ता येतो. विदर्भाच्या ६२ जागा, मराठवाड्याच्या ४६, मुंबईच्या ३६, कुणाला किती? तुमचंही स्टेटमेंट वाचलं, ‘आमच्या भागावर अन्याय होता कामा नये.’ तुमचा भाग कुठला ते लिहीत नाही. सगळ्याच भागांचे नेते सध्या हेच वाक्य म्हणतात, फक्त नाव बदलतात.

या भागांचं मला थोडं कळतं. माझं माहेर लातूर, सासर संगमेश्वर, संसार परळला. परवा भावाचा फोन आला. सासूबाईंची चौकशी दोन मिनिटं केली, मग म्हणाला, ‘ताई, आपल्या जिल्ह्याला मंत्रिपद मिळतंय का गं? तू मुंबईत आहेस, तुला कळलं असेल.’ मी म्हटलं, अरे, लातूरनं दोन मुख्यमंत्री दिले, निलंगेकर आणि विलासराव. नांदेडचे शंकरराव आणि अशोकराव धरले तर मराठवाड्याचे चार झाले. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. तेव्हा दोन घागरींसाठी रात्र रात्र जागणारा हाच माझा भाऊ. तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘ते खरं, पण आपला माणूस असला की बरं वाटतं.’ आता या बरं वाटण्याला काय करणार? तुमचं सगळं राजकारण त्याच्यावरच तर चाललंय.

सासरचं ऐका. कोकणानं अंतुले दिले, मनोहर जोशी दिले, राणे दिले. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ साली सुरू झालं, तेव्हा माझा मुलगा पहिलीत होता. आता तो एस. वाय. ला आहे आणि गणपतीला गावी जाताना आमची गाडी अजूनही माणगावात गचके खात उभी असते. विदर्भाचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ सलग मुख्यमंत्री होते. तरी १९८३ मध्ये विकासाचा अनुशेष मोजायला दांडेकर समिती नेमावी लागलीच. पश्चिम महाराष्ट्राला सत्तेतून काही मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. धरणं आली, कारखाने आले, ऊस आला. तेच बघून बाकीच्यांना वाटतं की खुर्ची आली की पाणी मागून येईल. त्यांचा माणूस खुर्चीत बसतो आणि मुंबईत फ्लॅट घेतो.

खरंच समतोल हवा असता तर विकास मंडळांचं काय झालं? विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र, तीन मंडळं १९९४ साली झाली. निधीवाटप नीट होतंय का ते बघायला. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. तेव्हाचे धरून तिसरे मुख्यमंत्री आता बसलेत आणि मंडळं अजून जागेवर नाहीत. त्यासाठी कुणी रुसून गावी गेलं नाही. कुणी दिल्लीचं विमान पकडलं नाही. १६ तारखेला तुम्ही सगळे नागपूरला जाणार. १९५३ च्या नागपूर करारात सरकारनं दरवर्षी ठराविक काळ तिथे बसायचं ठरलं, म्हणून जायचं. आठवडाभर हुरडा आणि संत्री, की परत. माझी फाईलसुद्धा नागपूरला नेणार आहात का? नेली तर ट्रंकेत वरती ठेवा, कोपरे आधीच फाटलेत.

आणि मुंबईला काय? पूर्वी नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडता तरी यायचं. ७ मार्च २०२२ ला त्यांची मुदत संपली, पावणेतीन वर्षं झाली, प्रशासक बसलाय. महापालिकेचं साठ हजार कोटींच्या घरातलं बजेट आणि जाब विचारायला २२७ नगरसेवकांपैकी एक माणूस नाही. राज्याची निवडणूक वेळेवर होते, शपथविधीला पंतप्रधान येतात, मैदानभर खुर्च्या लागतात. आमच्या वॉर्डाच्या निवडणुकीलाच तेवढा मुहूर्त सापडत नाही. मुंबईत सत्तेचा बाजार भरतो, मुंबईकरानं फक्त ट्रॅफिकमध्ये थांबायचं. ५ तारखेला ह्यांना सीएसएमटीहून घरी यायला दोन तास लागले.

माझ्या फेऱ्यांचा हिशेब वहीत आहे, सगळा टिपला नाही. जुलैपासून सोळा-सतरा फेऱ्या, बस-टॅक्सी मिळून अडीच हजार तरी गेले. मी पोळीभाजीचे डबे करते. फेरीच्या दिवशी दुपारचे डबे बंद. दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली. हे तुमच्या तक्त्यात कुठल्या विभागात बसतं, माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं, तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच सांगते. गिलावा पडला तिथून माती गळत राहते, म्हणून पोरांनी तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उतरवून तिथे ताणून बांधला. एक दोरी टेकूला, एक नळाच्या पाइपला. ‘भावी पालकमंत्री’ मधला ‘भावी’ नेमका संडासाच्या दारावर आलाय. मुद्दाम केलेलं नाही, कापड तेवढंच पुरलं. तुमची सही आली की धुऊन, घडी घालून परत पाठवते. डाव्या डोळ्यापाशी थोडा फाटलाय.

सासूबाईंचं प्लास्टर ६ जानेवारीला निघणार आहे. तोवर तुम्हाला खातं मिळालेलं असेल.

कळावे,
दुसरा मजला, जिन्याजवळची खोली