भागीदार परदेशात, जबाबदारी इथे

वागळे इस्टेट, रबाळे, महापे या ठाणे-नवी मुंबईच्या औद्योगिक भागात एक जोडी हमखास भेटते: गाळा सांभाळणारा भाऊ इथे, भांडवल घालणारा दुबईत किंवा न्यू जर्सीत. करारनामा मात्र स्टॅम्प पेपरवर घाईत उरकलेला, बहुधा गणपतीत सगळे घरी जमतात तेव्हा.

१९३२च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार व्यक्तिशः जबाबदार असतो, परदेशातलासुद्धा. फर्म नोंदलेली नसेल तर बुडालेल्या बिलासाठी ग्राहकावर दावाही लावता येत नाही. एलएलपीत, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीत, जबाबदारी मर्यादित राहते, पण किमान एक नियुक्त भागीदार आर्थिक वर्षात १२० दिवस भारतात राहिलेला लागतो. तिकडच्या सह्यांना नोटरी, शिवाय देशानुसार अपोस्टिल (कागद खरा असल्याचा त्या देशाच्या सरकारचा दाखला) किंवा वकिलातीचे साक्षांकन, हे सोपस्कार वेगळेच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अनिवासी भारतीयाला साध्या फर्ममध्ये पैसे सहसा मायदेशाबाहेर परत न नेण्याच्या अटीवरच गुंतवता येतात. हे त्याला आधी कुणी सांगत नाही. नंतर कळले की भाऊबंदकी सुरू!

जिल्हा उद्योग केंद्राने ठाण्यात यासाठी दरमहा मार्गदर्शन ठेवावे. शनिवारी संध्याकाळी ठेवले तर न्यू जर्सीत सकाळ असते, तिकडचा भागीदारही व्हिडिओ कॉलवर येऊ शकेल.

– एक लघुउद्योजक, ठाणे (प.)