शनीचं कडं आणखी मोडणाऱ्या वहिनींना

वहिनी,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे लिहून, आणि चारचौघांसमोर. घरी थीमचा केक करणारे माझ्यासारखे हौशी पुष्कळ आहेत. केक करायचा कसा हे सांगणारेही पुष्कळ भेटतात. वरची सजावट ऐन वेळी मोडली तर काय करायचं, हे मात्र मला तुमच्याशिवाय कुणी दाखवलं नाही.

संध्याकाळी लेकीचा वाढदिवस आणि दुपारी तिच्या अंतराळाच्या केकची ही दशा: खोका कलला, अंतराळवीराचा हात खांद्यातून निखळला, रॉकेटचा एक पंख तुटला, शनीच्या कड्याचे तुकडे झाले आणि केकवरच्या काळ्या फॉन्डंटला, म्हणजे साखरेच्या मऊ कणकेसारख्या थराला, कडेपाशी चीर गेली. तुम्ही आलात आणि आधी काय केलंत, तर टेबलावरची पाण्याची वाटी उचलून लांब ठेवलीत. सजावटीची ही वाळून कडक होणारी गमपेस्ट म्हणजे शेवटी साखर, म्हणालात. वाळलेल्या तुकड्याला पाणी लावलं की तोंडाशी साखर विरघळते, सांधा बुळबुळीत होतो आणि तुकडा घसरत राहतो. ओलं फॉन्डंट ओल्याला चिकटवताना पाण्याचा नुसता हात पुरतो. वाळलेल्याचं गणित वेगळं.

मग बराच वेळ तुम्ही कशालाच हात लावला नाहीत, नुसतं बघत होतात. मला घाई सुटली होती, खोटं कशाला बोलू. पण त्या बघण्यात तुम्ही वाटणी करून टाकली होती: काय जोडायचं, काय झाकायचं आणि कशाच्या नादी लागायचं नाही. माझ्या मते तुमची खरी मदत ती. हात तर कुणाचेही चालतात.

रॉकेटचा पंख पातळ, पार आतपर्यंत वाळलेला. त्याला तुम्ही वितळवलेलं व्हाइट चॉकलेट लावलंत, कारण त्यात पाणी नसतं, साखर विरघळायची भीती नाही, आणि गार झालं की ते घट्ट धरतं. फक्त तोवर हात हलवायचा नाही, ते काम माझ्याकडे आलं. अंतराळवीराचा हात मात्र जाड होता. वरून कडक, आतून अजून मऊ. अशा जाड तुकड्यांचं असंच होतं म्हणे, वरचं कवच वाळतं आणि आतला ओलावा अडकून बसतो. इथे त्याचा फायदाच झाला. कच्च्या स्पॅगेटीचा तुकडा अर्धा खांद्यात, अर्धा हातात हळूहळू फिरवत घातलात आणि सांध्यावर टायलोज या पाण्यात चिकट होणाऱ्या, खाण्याच्या पावडरचा डिंक लावलात. डिंक म्हणजे चिमूटभर पावडर थोड्या पाण्यात घालून ठेवायची, सुरुवातीला गुठळ्या दिसतात, काही वेळाने आपोआप चिकट आणि पारदर्शक होतं. मी टूथपिक पुढे केली होती, ती तुम्ही परत डबीत टाकलीत. पोरं केकवरची माणसं आधी खातात, आणि टूथपिक घशात टोचते. स्पॅगेटी निदान खायची वस्तू आहे. तरी देताना सांगायचंच की आत काडी आहे, हेही तुम्हीच बजावलंत.

हात वाळेपर्यंत त्याच्याखाली स्पंजचा तुकडा टेकू म्हणून ठेवलात. मला टेकू द्यायचं कधी सुचलंच नसतं. मला वाटायचं, डिंक चांगला असला की झालं. जोड वाळेपर्यंत वजन पेलायचं कुणी, हा प्रश्नच मला पडला नव्हता.

आता शनी. तो केकवर अर्धगोल बसवलेला आणि कडं त्याच्याभोवती आडवं. मी तुकडे जुळवत बसलो होतो. तुम्ही ते माझ्या हातातून घेतलेत आणि आणखी बारीक मोडलेत! माझा जीव वर-खाली. "खऱ्या शनीचं कडं तरी कुठे अखंड आहे, बर्फाचे आणि दगडांचे तुकडेच तर आहेत," असं म्हणत तुम्ही रॉयल आयसिंगचे, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या लेपाचे, ठिपके गोलाकार दिलेत आणि त्यावर तो चुरा पेरलात, मोठे तुकडे आत, बारीक बाहेर. आधीच्या गुळगुळीत कड्यापेक्षा ते कितीतरी जास्त शनीसारखं दिसलं. लेकीने पाहिल्या पाहिल्या हेच कौतुक केलं, आणि ग्रहांच्या बाबतीत ती सहजी कुणाला सोडत नाही.

चीर बुजवणं तर तुम्ही बोलता बोलता उरकलंत. त्याच काळ्या फॉन्डंटचा तुकडा पाण्याच्या थेंबाने मळून लेपासारखा भरला, वर एक चांदणी. काळ्यावर उठलेले कॉर्नफ्लोरचे पांढरे डाग कोरड्या मऊ ब्रशने झटकले, उरलेल्यांवर शॉर्टनिंगचं, म्हणजे घट्ट वनस्पती तुपाचं, बोट.

दोन ठिकाणी तुम्ही मला ठाम नाही म्हणालात, त्याचे आभार वेगळे मानतो. एक, फ्रिज. आत गनाश, म्हणजे चॉकलेटचं घट्ट सारण, होतं, ताजं क्रीम नव्हतं, तेव्हा गार खोलीत संध्याकाळपर्यंत काही बिघडणार नव्हतं. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या केकवर हवेतली वाफ जमते, फॉन्डंटला घाम सुटतो आणि नुकते जोडलेले सांधे पुन्हा ओले होतात. दुसरं, रॉकेटला लावायची ती चंदेरी पावडर. डबीवर 'नॉन-टॉक्सिक' छापलं होतं, तेवढ्यावर मी निश्चिंत होतो. विषारी नाही आणि खाण्यासाठी आहे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं म्हणून तुम्ही डबी बंद केलीत. रॉकेट राखाडीच राहिलं. कुणाला कमी वाटलं नाही.

तुमचा बारीक ब्रश धुऊन ठेवलाय, टायलोजची डबी मात्र अर्धीच उरलीय. शनिवारी दोन्ही घेऊन येतो. डबी नवी आणेन, आणि या वेळी "कशाला आणलंत" म्हणू नका.

मनापासून आभार.

तुमचा शेजारी