बाबांच्या नावाखाली सापडलेला कागद

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असा तुमचा दम आहे, म्हणून नुसतं 'काकू'. मंडळातले ओळखायचे ते ओळखतीलच. कोर्टाचा हरवलेला कागद शोधून दिलात म्हणून आभार मानायला फोन केला तर तुम्ही बोलणं बटाटेवड्यांवर नेलंत. पत्रात ती सोय नाही.

गणपतीच्या आरतीनंतर पार्किंगमध्ये तुम्हाला जे सांगितलं, ते तोवर बायकोखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. ऑक्टोबर २००९. टेक्सासमध्ये येऊन दोन महिने झालेले, मित्राची गाडी, पश्चिमेकडचा नाकासमोर जाणारा रस्ता आणि मागे निळे-लाल दिवे. वेग जास्त होताच. त्यात आरटीओचं लायसन खोलीवर आणि खिशात पासपोर्टची झेरॉक्स. लायसन जवळ नाही म्हणून ती रात्र काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, तुरुंगात गेली. सकाळी न्यायाधीशांसमोर उभा राहिलो, दंड भरला, सुटलो. (सीटबेल्ट लावला नाही म्हणून याच राज्यात एका बाईंना अटक झाली होती आणि २००१ साली सुप्रीम कोर्टानं ती ग्राह्य धरली, हे तुम्ही सांगितलंत. ऐकून का कोण जाणे, जरा बरं वाटलं.) पावती कुठे ठेवली, देव जाणे. तेव्हा ती लागेल असं वाटलंच नव्हतं.

मग नागरिकत्वासाठी एन-४०० हा फॉर्म भरायला घेतला. त्यात प्रश्न: कधीही अटक झाली होती का? यातला 'कधीही' फार चिवट आहे. केस मिटली, दंड भरला, इतकी वर्षं झाली, काही चालत नाही. हो म्हणायचं आणि कोर्टानं काय निकाल दिला त्याची प्रमाणित प्रत जोडायची. वकील म्हणाले, प्रत आणा. कुठून, ते तुम्हीच बघा.

तुमच्याकडे येण्याआधी मी काय काय करून बसलो होतो! 'कुणाचीही गुन्हेगारी नोंद दोन मिनिटांत' म्हणणाऱ्या एका वेबसाइटला पैसे दिले. तिनं माझ्या नावावर मी कधी पाहिलंही नाही अशा राज्यातला पत्ता चिकटवला. एफबीआयला बोटांचे ठसे आणि १८ डॉलर पाठवले. उत्तर आलं, नोंद नाही. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. तुम्ही तिथल्या तिथे झापलंत: "त्यांच्याकडे नाही म्हणजे झालंच नाही, असं होतं का रे? ठसे वर पाठवलेच नसतील तर त्यांना कळणार कुठून?"

आपल्या डोक्यात अमेरिका म्हणजे एक मोठा कॉम्प्युटर असतो. तुम्ही इथल्याच एका काउंटीत क्लार्कच्या ऑफिसात इतकी वर्षं काढलीत, त्यामुळे तो कॉम्प्युटर पहिल्या पाच मिनिटांत मोडीत काढलात. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या, आणि कोर्टाचा कागद ज्या काउंटीत जन्मला तिथेच राहतो. राज्याच्या डीपीएसकडे, म्हणजे सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे, गुन्ह्यांची यादी आहे आणि थोडे पैसे भरून ती कुणालाही पाहता येते, पण माझ्यासारखं फुटकळ प्रकरण त्यांना कळवायची सक्तीच नसते. "आधी गुन्ह्याची पायरी सांग," म्हणालात. फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा असेल तर डिस्ट्रिक्ट क्लार्क. त्याखालचा, पण जेलची शिक्षा होऊ शकेल असा, म्हणजे क्लास ए किंवा बी, तर काउंटी क्लार्क. नुसत्या दंडाचा क्लास सी असेल तर जस्टिस ऑफ द पीस (जेपी) हे छोटं कोर्ट, नाहीतर गावाचं म्युनिसिपल कोर्ट. अगदी लहान काउंटीत पहिल्या दोन खुर्च्यांवर एकच बाई बसलेली असते. जेपीचं दप्तर मात्र वेगळं, कधी वेगळ्या गावात. मी तीन आठवडे काउंटी क्लार्कला फोन करत होतो. माझी केस नुसत्या दंडाची, तेव्हा कागद तिथे असणंच शक्य नव्हतं.

शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसातून अटकेची नोंद मिळेल, पण तिच्यात पुढे काय झालं ते नसतं, आणि फॉर्मला हवंय पुढचंच. तुमची ताकीद: माहितीच्या कायद्याचं कलम शेरीफला लिहिलेल्या अर्जात घाल, कोर्टाच्या क्लार्कला चुकूनही ऐकवू नकोस, कारण टेक्सासचा तो कायदा न्यायालयांना लागूच नाही, आणि वर ती बाई चिडेल. हे मी वहीत लिहून ठेवलंय, 'बाई चिडेल'सकट.

गंमत म्हणजे आमच्या तालुक्याच्या कोर्टातली बांधाची केस मी इथे सोफ्यावर बसून ई-कोर्ट्सवर बघतो. १६ अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे केसचा नंबर, टाकला की पुढची तारीख हजर. आणि इथे, गाडीनं पाच तासांवरच्या जेपी ऑफिसात, जुनं सगळं कपाटातल्या खोक्यात. फोनवरची बाई भली होती. आडनावानं शोधलं, नाही. स्पेलिंग चार तऱ्हांनी फिरवलं, नाही. जन्मतारखेचा महिना आणि दिवस उलटा करून पाहिला, तरी नाही. तोवर रडकुंडीला आलो होतो. तुम्ही स्पीकरवर होतात. मराठीत म्हणालात, "त्या रात्री नाव विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस?"

सवयीनं, शाळेत हजेरीला सांगतात तसं पूर्ण नाव सांगितलं होतं. माझं, बाबांचं, मग आडनाव.

"मग ते दुसऱ्या शब्दावरच थांबले असतील. बाबांचं नाव दे तिला."

मिनिटभर खोकी सरकवल्याचा आवाज, मग ती म्हणाली, "गॉट हिम." आयुष्यात साधं चलान न झालेले, निवृत्त गणिताचे मास्तर असलेले माझे बाबा २००९पासून पश्चिम टेक्सासच्या एका खोक्यात आरोपी म्हणून पडून होते.

पुढचंही तुमच्याच सांगण्याप्रमाणे केलं. साधी झेरॉक्स नको, शिक्का मारलेली प्रत हवी. निकालाची तारीख आणि दंड भरल्याची नोंद तिच्यावर हवी. मनीऑर्डर आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट सोबत धाड. एका प्रतीवर भागवू नकोस, दोन घे. नावाच्या घोळाचा खुलासा वेगळ्या कागदावर करून वकिलांना दाखव. इंटरव्ह्यूच्या दिवशी अधिकाऱ्यानं तो कागद अर्धा मिनिट पाहिला, फाइलला लावला आणि नागरिकत्वाच्या परीक्षेचे त्याचे प्रश्न सुरू केले. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता, त्याला त्याचं काही नव्हतं.

शपथविधी झाला. तुम्ही आला नाहीत, गुडघ्याचं निमित्त सांगितलंत.

दुसरी प्रत घरी आहे, देवघराखालच्या खणात. जूनमध्ये आई-बाबा येताहेत. त्या रात्रीबद्दल बाबांना अजून काही माहीत नाही. जेवण झाल्यावर कागद त्यांच्या पुढ्यात ठेवीन म्हणतो. पहिल्या शनिवारी तुम्हीही जेवायला या. बाबा भडकले तर मला घरात एक अनुभवी क्लार्क लागेल.

तुमचा नम्र,
पार्किंगमधला मुलगा