प्लेटलेट्सच्या आधी पांढऱ्या पेशी बघा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पावसाची उघडीप सुरू झाली, म्हणजे डेंग्यूचे दिवस आले. ताप आला की घरातले, शेजारचे, फोनवरचे सगळे एकच विचारतात, "प्लेटलेट्स किती?" माझं म्हणणं, सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टात आधी 'टोटल डब्ल्यूबीसी' शोधा. त्या पांढऱ्या पेशी. मोठ्या माणसात एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४००० ते ११००० असतात. डेंग्यूत आधी त्या उतरतात आणि मागोमाग प्लेटलेट्स घसरतात. सावरतानाही बहुतेक वेळा आधी पांढऱ्या पेशीच वर येतात, प्लेटलेट्स नंतर.

आकडा उतरला म्हणून "अंगातली ताकद संपली" असं समजू नका. हा विषाणू मोनोसाइटसारख्या पांढऱ्या पेशींमध्येच शिरून वाढतो आणि हाडांच्या मगजात नव्या पेशी तयार होण्याचं कामही काही दिवस मंदावतं. लढाई मात्र चालूच असते. लागण झालेली पेशी काही तासांत इंटरफेरॉन नावाची इशारा देणारी प्रथिनं सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. तापाचा आणि अंगदुखीचा बराच भाग या झटापटीचाच असतो. नॅचरल किलर पेशी पहिल्या दिवसांत बाधित पेशी मारतात. डेंड्रिटिक पेशी विषाणूचे तुकडे घेऊन लसिका गाठींत जातात. तिथे त्या तुकड्याशी नेमक्या जुळणाऱ्या मोजक्या लिम्फोसाइट (टी आणि बी या पांढऱ्या पेशी) निवडल्या जातात आणि त्यांची फौज वाढायला काही दिवस जातात. मग टी पेशी बाधित पेशीला परफोरिन या प्रथिनाने भोक पाडून आत ग्रॅन्झाइम ही मारक प्रथिनं सोडतात, ती पेशी मरते आणि विषाणूचा कारखाना बंद पडतो. बी पेशींपासून अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला चिकटणारी प्रथिनं, तयार होतात.

तपासणीची वेळही यावरूनच ठरते. पहिल्या पाच दिवसांत विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस-१, पाचव्या दिवसानंतर अँटिबॉडी शोधणारी आयजीएम. दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आला तर डेंग्यू नाही असं ठरवू नका, अँटिबॉडी अजून तयारच झालेल्या नसतात. झटपट होणाऱ्या कार्ड टेस्टपेक्षा लॅबमधली एलायझा तपासणी भरवशाची. सरकारी केंद्रांना आयजीएम एलायझाचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुरवते.

वयाचा भाग मुद्दाम सांगायचा आहे. टी पेशी जिथे पक्व होतात ती छातीतली थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते, त्यामुळे नव्या विषाणूसाठी कोऱ्या टी पेशी कमी उरतात. तुमच्या वयात ताप फारसा न चढताही आजार जोरात असू शकतो. थर्मामीटरवर विसंबू नका. अचानक गळून जाणं, गोंधळल्यासारखं होणं, जेवण तुटणं हीसुद्धा तापाइतकीच लक्षणं धरा. आणि "एकदा होऊन गेलाय" म्हणून निर्धास्त राहू नका. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. पहिल्या प्रकाराच्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराला अर्धवट चिकटतात, त्याला रोखत नाहीत, उलट पांढऱ्या पेशीत शिरायला मदत करतात. म्हणून दुसरी लागण जास्त बिकट होऊ शकते.

रिपोर्ट वाचताना टक्क्यांनी फसायला होतं. समजा टोटल ३००० आणि लिम्फोसाइट ५० टक्के. शेजारी ठळक अक्षरात 'हाय' छापलेलं असेल, पण प्रत्यक्षात त्या १५०० भरतात, म्हणजे नेहमीइतक्याच. वाढलेल्या नाहीत, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) घटल्यात. जिवाणूंच्या संसर्गात बहुधा उलट होतं, टोटल आणि न्यूट्रोफिल दोन्ही चढतात. टायफॉइड हा त्याला ठळक अपवाद, त्यात जिवाणू असूनही पेशी कमी दिसतात. म्हणून नुसत्या आकड्यावरून औषध ठरवू नका आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक तर अजिबात नको, विषाणूवर ते चालत नाही. कुणी ताप उतरवायला स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर नाही म्हणा. डेंग्यूत त्याचा उपयोग नाही, साखर चढते, आणि पांढऱ्या पेशींचा आकडा खोटाच वाढून पुढचा रिपोर्ट फसवतो.

प्लेटलेट्स एकदम खूप कमी आल्या तर आधी स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्ताची गुठळी झाली किंवा प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या, तर मशीन त्या कमी मोजतं.

तापासाठी पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसाला चारच्या वर नाही. आई, गुडघ्यांसाठी तू घेतेस ती डायक्लोफिनॅकची गोळी तापात बंद. आयबुप्रोफेनही नको, रक्तस्राव वाढू शकतो. बाबा, तुमची अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून थांबवू नका, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, पेल्यात थोडी थोडी पूड टाकू नका. बाबांनी दिवसाला किती पाणी प्यायचं हेही हृदयामुळे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. दर चार ते सहा तासांनी लघवी व्हायलाच हवी.

सगळ्यात जपायची वेळ ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास. माणसाला वाटतं, सुटलो. त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट होऊ शकतं. तेव्हा रोज सीबीसी करा आणि तीन आकडे एकत्र बघा: पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, रक्त घट्ट झालं की वाढतो). पांढऱ्या पेशी ५५०० वरून २६०० झाल्या, पाठोपाठ प्लेटलेट्स भराभर घसरल्या आणि पीसीव्ही ४० वरून ४८ कडे निघाला, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. पोटात सतत कळ, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, धाप, थंडगार हातपाय किंवा गुंगी यातलं एक जरी दिसलं तरी रिपोर्टची वाट बघायची नाही.

तब्येत चांगली असताना दोघांचाही एक सीबीसी करून फाइलमध्ये ठेवा. काहींच्या पांढऱ्या पेशी एरवीही ४५०० च्याच आसपास असतात. मूळ आकडा माहीत असला तरच किती घसरण झाली ते डॉक्टरांना कळेल. या आठवड्यात लॅबवाल्याला घरी बोलवा, रिपोर्ट आला की मला फोटो पाठवा.

तुमची लेक