फुग्याच्या बाह्या

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पार्सल आज पाठवलं. आत ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ कादंबरीतल्या ॲनचा झगा आहे आणि तो तपकिरी आहे. तू पाठवलेल्या फोटोंत कॅव्हेन्डिशला, म्हणजे कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवरच्या ज्या गावावरून ॲनचं गाव रंगवलंय तिथे, गेलेल्या मुली गवती हॅट आणि पांढरा एप्रन घालून उभ्या आहेत, छान दिसतात. पण मला शिवायचा होता तो ॲनला सांभाळणाऱ्या मॅथ्यूने तिला नाताळला दिलेला झगा. पुस्तक १९०८ चं, आणि त्यात माँटगोमेरीबाईंनी झग्याचं वर्णन असं केलंय की शिवणाऱ्या बाईने ते वाचून सरळ कापड बेतायला घ्यावं. तपकिरी ग्लोरिया, घेराला झालरी आणि चुण्या, छातीवर पिनटक म्हणजे अगदी बारीक शिवलेल्या घड्या, गळ्याशी तलम लेस. बाह्यांना कोपरापर्यंत लांब कफ, त्यांच्यावर दोन फुगे, मधे चुण्यांच्या ओळी आणि तपकिरी रेशमी फितीचे बो. इतकं सगळं लिहून ठेवलेलं असताना दुसरा रंग घ्यायला माझा हात धजला नाही.

ग्लोरिया हे रेशीम आणि लोकर मिसळून विणलेलं कापड. छत्र्यांनाही ते लावायचे. इथल्या दुकानांत ते मिळत नाही, म्हणून कॉटन सिल्क घेतलं. त्याला चकाकी आहे आणि पिनटक घालताना ते हाताखालून सरकत नाही.

तुझं माप इथे नव्हतं, पण त्याचाही तोडगा पुस्तकातच मिळाला. मॅथ्यूची बहीण मरिला ॲनला टिकाऊ, साधे, तंग बाह्यांचे कपडे शिवायची. फुग्याच्या बाह्या म्हणजे तिच्या लेखी कापडाची नासाडी. मॅथ्यूला एका संध्याकाळी इतर मुलींमध्ये ॲन वेगळी दिसली, आणि बराच वेळ पाइप ओढत बसल्यावर उमगलं की फरक बाह्यांचा आहे. दुकानात गेला तर काउंटरमागे बाई! तोंडून शब्द फुटेना, शेवटी दाताळं आणि वीस पौंड ब्राउन शुगर घेऊन घरी आला. मग शेजारच्या लिंडबाईंनी ते काम अंगावर घेतलं आणि ॲनला पत्ता लागू न देता, तिच्याच चणीच्या आपल्या भाचीच्या मापाने झगा शिवला. मीही तुझ्या मामेबहिणीला उभं केलं. खांद्यात ती तुझ्याइतकीच आहे, कमरेचा मात्र भरवसा नाही, म्हणून दोन्ही कुशींना भरपूर माया ठेवलीय.

खरी मेहनत बाह्यांवर घेतली. १८९५ च्या सुमाराला या बाह्या सगळ्यात जास्त फुगलेल्या होत्या, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती फॅशन ओसरली. तू लहान असताना तुझ्या फ्रॉकना मी मुंढ्यावर चुण्या देऊन बाही जोडायचे, काम व्हायचं. ही बाही तशी उभी राहत नाही, कापडाच्या वजनाने खाली बसते. म्हणून आधी आतून अस्तराची तंग बाही शिवली आणि वरचं घेरदार कापड तिच्यावर तीन जागी पकडलं: मुंढ्याला, मधल्या चुण्यांवर आणि कोपराशी. दोहोंच्या मधे कॅनकॅन नेटची, म्हणजे कडक जाळीची, पट्टी घातली. चुण्यांसाठी मशीनचा सगळ्यात लांब टाका, ओळीला ओळ लावून, आणि मग बॉबिनचे दोरे एकदम ओढायचे. पिनटक मात्र कापड कापायच्या आधीच घातले, नाहीतर छाती आखडते. झगा पाहून मरिला म्हणते, नुसत्या या बाह्यांच्या कापडात एक पोलकं निघालं असतं. खरंच निघालं असतं. काटकसर मी घेरात केली, बाह्यांत नाही.

केसांचं विचारलं होतंस. लाल विग आणू नकोस. ॲनला तिचे लाल केस कधीच आवडले नाहीत. ते काळे व्हावेत म्हणून तिने फेरीवाल्याकडून रंग घेतला आणि केस हिरवे झाले! तुझ्यासारखे काळेभोर केस तिला जन्मभर हवे होते. दोन वेण्या घाल, पुरे.

ॲन शाळकरी पोर होती, तिचा झगा आखूड असणार. तुझा घोट्यापर्यंत घेतलाय. प्रिन्स एडवर्ड आयलंडची माती लोहामुळे तांबडी, आपल्या कोकणातल्यासारखी, कपड्याला लागली की सहज निघत नाही. म्हणून खालच्या कडेला आतून जाड सुती पट्टी लावलीय. त्या काळच्या बायका घेराला अशीच पट्टी लावायच्या. ती खराब झाली तर उसवून दुसरी लाव, झग्याला धक्का लागत नाही. बाह्यांवर इस्त्री फिरवू नकोस. आत टॉवेल कोंब आणि लांबून वाफ दे.

बो वेगळ्या पिशवीत आहेत, दाबून चपटे होऊ नयेत म्हणून. चुण्यांच्या ओळीवर खडूची खूण केलीय, तिथे दोन-दोन टाके घाल, दोरा सोबत ठेवलाय. आणि फोटो समोरून एक, बाजूने एक काढ. बाजूने काढल्याशिवाय बाही उभी राहिली की नाही ते मला कळायचं नाही.

तुझी,
आई