सिस्टर, तुम्ही आमच्या गल्लीची भीती घालवलीत

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

सासूबाईंच्या कॅन्सरसाठी बार्शीला शेक (रेडिएशन) झाले, केमो झाली. पुढे उपचार नकोत, घरीच ठेवा, हे डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. पण घरी ठेवायचं म्हणजे करायचं काय, ते तुम्ही आलात तेव्हा कळलं.

सासूबाईंच्या गालावरची गाठ फुटली होती. जन्मभर तंबाखूची मिश्री लावलेली. वास असा, की पाहुणे उंबऱ्यातूनच चौकशी करून निघायचे. ताट-वाटी वेगळी ठेवा, असाही सल्ला आला. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली माणसं मायाळू, पण कॅन्सर म्हटलं की अंग चोरतात.

तुम्ही आधी त्यांच्या पलंगावर टेकलात, तेलुगूत गप्पा सुरू केल्यात. मग पट्टी सलाइनने भिजवत भिजवत सोडवलीत. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकलीत. "वास जंतूंचा आहे, माणसाचा नाही. आणि हा रोग शिवून लागत नाही," हे दारातल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात. वास उतरला तशी नातवंडं खोलीत फिरकू लागली.

मॉर्फिनला, म्हणजे दुखणं कमी करायच्या गोळीला, आम्ही भ्यालो होतो. सवय लागेल, झोपेतच जातील, काय काय वाटायचं. 2014 साली अशा नशेच्या औषधांचा कायदा सैल झाला, तरी ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. तुमच्या डॉक्टरांमुळे मिळाली. दर 4 तासांनी द्यायची, दुखायची वाट बघायची नाही, आणि पोट साफ व्हायचं औषध चुकवायचं नाही. हे शेवटचं किती मोलाचं, ते ज्याच्या घरी पेशंट आहे त्यालाच कळेल!

नाकातल्या नळीतून भरवताना डोकं वर, पेज गाळलेली, शेवटी पाणी, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. हे मला शिकवलंत, तसं शेजारच्या अक्कांनाही शिकवलंत. मी कामावर असले की त्या बिड्या वळायचं सूप बाजूला सारून यायच्या.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सासूबाई गेल्या. दुखणं शेवटपर्यंत आवाक्यात होतं, ते तुमच्यामुळे. उरलेल्या गोळ्या तुम्हीच मोजून परत नेल्यात. हवेची गादी मात्र इथेच आहे, धुऊन वाळवून ठेवलीय, कुणाला तरी पाठवा. पलीकडच्या बोळात तुमचा पेशंट आहे ना, तिथे दुपारी बसायला अक्का तयार आहेत. फक्त कारखान्यात बिड्या द्यायची वेळ सोडून बोलवा, नाहीतर त्यांची मजुरी बुडेल.

तुमची,
सासूबाईंची धाकटी सून